रात्री रिकामा असलेला कॉम्प्युटर अल्झायमरच्या संशोधनाला देऊ का?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ६४. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या घरबसल्या मराठी टायपिंग आणि पुस्तकांची अक्षरजुळणी करतात. दिवाळी अंकांच्या दिवसांत काम भरपूर असतं. २०१७ साली दुकानातून जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज १०. त्यांचे पती अल्झायमरने गेले आणि शेवटची काही वर्षं ताईंनीच त्यांचं सगळं केलं. अलीकडे भाच्याने सांगितलं, की आपला कॉम्प्युटर रिकामा असतो तेव्हा त्याची ताकद अशा आजारांच्या संशोधनाला देता येते. 'फोल्डिंग ॲट होम' नावाचा प्रकल्प आहे. त्याने आणखी एका ॲपची लिंकही पाठवली: 'न वापरलेलं इंटरनेट शेअर करा, महिन्याला पैसे मिळवा.' पुण्यातल्या मुलाचं म्हणणं, यातलं काहीही टाकायचं नाही, सगळं स्पायवेअर असतं, बँकेचे पासवर्ड जातील. ताई लिहितात: "मला पैसे नकोत. ह्यांच्यासारख्या कुणाला उद्या उपयोग व्हावा, एवढंच वाटतं. कॉम्प्युटर तसाही रात्रभर चालूच असतो. पण मुलगा म्हणतो तसं झालं तर? आणि हल्ली तो फार हळू झालाय. रात्री काही चालू नसताना पंखा जोरात फिरतो, कोपऱ्यात सारखं 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस' असं येतं. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू. मागच्या वेळीही त्यानेच सगळं टाकून दिलं होतं. त्यात ही नवी भर घालू की नको?"

ताई,

तुमच्या पत्रात एक मनापासूनची इच्छा आहे आणि एक आजारी कॉम्प्युटर आहे. इच्छा चांगली आहे, पुरी होण्यासारखीही आहे. पण आधी कॉम्प्युटरकडे बघू, कारण तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघंही एक गोष्ट धरून चालला आहात: आज मशीन ठीक आहे आणि धोका आला तर तो या नव्या प्रोग्रॅममधून येईल. पत्रातली लक्षणं वेगळंच सांगतात.

काही चालू नसताना पंखा जोरात फिरतो म्हणजे प्रोसेसर तापलाय, आणि तापलाय म्हणजे तो कामात आहे. ते काम साधंही असू शकेल. विंडोजचं अपडेट उतरत असेल, किंवा इतक्या वर्षांची धूळ पंख्यात बसल्यामुळे थोड्याशा कामानेही तो तापत असेल. पण हळू झालेलं मशीन, अनोळखी सूचना आणि दुकानदाराने 'टाकून दिलेलं' सॉफ्टवेअर हे तिन्ही एकत्र आलं की मला शंका येते, की तुमच्या कॉम्प्युटरची रिकामी ताकद आधीच कुणीतरी वापरतंय. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गणितं करवून चोरून क्रिप्टो नाणी, म्हणजे डिजिटल चलन, काढणारे प्रोग्रॅम असेच वागतात. कीबोर्डला हात लागत नाही तेव्हा जोर धरतात आणि माणूस परत आला की दबून बसतात. २०१७ ते २०१९ या काळात 'कॉइनहाइव्ह' नावाचा प्रकार इतका पसरला होता, की नुसतं एखादं वेबपान उघडं ठेवलं तरी बघणाऱ्याचा प्रोसेसर नाणी काढायला जुंपला जायचा.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा मागे नेते. रिकामा वेळ द्यायचा की नाही हे नंतर ठरवू. तो आज तुमच्या ताब्यात आहे का, हे आधी बघू.

त्या 'पाच व्हायरस'पासून सुरुवात करा. कोपऱ्यातली ती सूचना बहुतेक वेळा कुठल्याही अँटिव्हायरसची नसते. कधीतरी एखादी साइट उघडताना 'अलाऊ' दाबलं गेलेलं असतं आणि त्या साइटला तुमच्या पडद्यावर सूचना पाठवायची मुभा मिळते. मग ती घाबरवते. क्लिक केलं की साफसफाईचं सॉफ्टवेअर विकते, नाहीतर एक फोन नंबर दाखवते. त्या नंबरवर फोन करायचा नाही, कितीही मोठ्या कंपनीचं चिन्ह दिसलं तरी. क्रोम वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स असं जा. ज्यांना परवानगी दिली गेली आहे त्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका. बऱ्याच जणांचा त्रास इथेच संपतो.

त्याच ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी उघडा. टायपिंगचं काम करणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये हमखास एखादं फुकट पीडीएफ कन्व्हर्टर, एखादं युनिकोड फाँट बदलून देणारं असं काहीबाही साठलेलं असतं. प्रत्येकाच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन त्याला काय काय परवानगी आहे ते वाचा. 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर थांबा. 'सर्व वेबसाइट' यात तुमच्या बँकेचं पानही येतं. ज्या एक्स्टेंशनवाचून तुमचं काम अडत नाही ते काढा. मुलाला ज्या स्पायवेअरची धास्ती आहे ते घरात शिरतं ते बहुतेक अशा छोट्या, उपयोगी दिसणाऱ्या वस्तूंतून.

आता दुकानदार. तो वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही. गावोगावची रिपेअरिंगची दुकानं कमी पैशांत लोकांची अडलेली कामं चालवतात. पण 'सगळं टाकून दिलं' म्हणजे नेमकं काय टाकलं, हे विचारा. विंडोजचं लायसन्स होतं का? ऑफिस, पेजमेकर, फोटोशॉप कुठून आलं? क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स न घेता कुलूप तोडून वापरलेलं, सॉफ्टवेअर चालू करायला जो 'ॲक्टिव्हेटर' लागतो तो चालताना आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, आणि पुन्हा अडथळा येऊ नये म्हणून आपलं फोल्डर अँटिव्हायरसच्या सवलतीच्या यादीत घालून ठेवतो. ही यादी तुम्ही स्वतः पाहू शकता. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्ज, आणि त्या पानाच्या अगदी तळाशी 'एक्सक्लूजन्स'. तिथे काहीच नसायला हवं. एखादं फोल्डर, आणि वाईटात वाईट म्हणजे अख्खा सी ड्राइव्हच, तिथे असेल तर तुमचा पहारेकरी त्या जागेकडे पाठ करून उभा आहे. ती नोंद काढा. मगच स्कॅन करायला अर्थ आहे.

स्कॅनही साधा नको. त्याच जागी 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' आहे. तो निवडला की कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधी तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्यांना वाव कमी राहतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा. डिफेंडर विंडोजबरोबर फुकट येतो आणि घरगुती वापराला पुरेसा आहे, असं माझं मत आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन 'फ्री' अँटिव्हायरस ठेवू नका. ते एकमेकांत अडकतात आणि मशीन आणखी हळू होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं आहे. त्याच्या साइटवर बॉट, म्हणजे परक्याच्या हुकमावर चोरून चालणारे प्रोग्रॅम, शोधून काढायची साधनं विनामूल्य मिळतात, तीही एकदा चालवून बघा.

पंखा जोरात असताना आणखी एक गोष्ट करून पाहा. कंट्रोल आणि शिफ्ट धरून एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'सीपीयू' या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. त्याचं नाव लिहून घ्या आणि मुलाला पाठवा. काही चोर प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर काम थांबवतात. उघडताक्षणी आकडा नव्वदवरून पाचावर आला आणि पंखा हळूहळू शांत झाला, तर तेही एक लक्षण समजा.

स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारं काही सापडलं तर नुसतं ते काढून भागत नाही, कारण चोरी आधीच झालेली असू शकते. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या पोलिसांनी 'लुमा' नावाच्या अशा चोराचं जाळं उखडलं. त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरांत तो सापडला होता. हे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतातच, शिवाय तुम्ही लॉग-इन असल्याची खूणही उचलतात, म्हणजे पासवर्ड न टाकताही आत शिरता येतं. म्हणून पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून, म्हणजे तुमच्या फोनवरून. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथे येतात, मग बँकेचा. 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हा पर्याय वापरा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

क्रॅकच सापडले तर मात्र मीही म्हणेन, फॉरमॅट करा. पण मागच्यासारखं नको. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं. ज्यांनी कंपनीचा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप विंडोजसकट घेतला आहे, त्यांचं लायसन्स बहुतेक वेळा मशीनमध्येच नोंदलेलं असतं आणि पुन्हा टाकल्यावर आपोआप चालू होतं. दुकानदाराला 'ॲक्टिव्हेटर' लावायची गरजच पडत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. तुमचा डेस्कटॉप जुळवलेला आहे, तेव्हा लायसन्स विकत घ्यावं लागेल, नाहीतर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली. तिच्यात इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-रचनेने मराठी उत्तम टाइप होतं. पण तुम्ही श्रीलिपी हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर डोंगल लावून वापरत असाल तर ते काम विंडोजवरच होईल, म्हणून तुमच्यासाठी लिनक्सचा आग्रह मी धरत नाही. फॉरमॅटआधी कामाच्या फाइली आणि फाँट बाहेरच्या डिस्कवर घ्या. इन्स्टॉल करायच्या जुन्या फाइली घेऊ नका, घाण तिथूनच परत येते.

विंडोज १० बद्दलही सांगायला हवं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव नोंदणी ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ती दिसते का बघा. २०१७ च्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्याचा पुढचा विचार तुम्हाला तसाही करावा लागणार आहे, संशोधनाला वेळ दिलात काय किंवा न दिलात काय.

आता तुमच्या इच्छेकडे येते, आणि मुलाच्या शंकेकडेही. 'अनोळखी लोकांचा प्रोग्रॅम आपल्या मशीनवर का चालू द्यायचा' हा त्याचा प्रश्न रास्त आहे. दान सत्पात्री असावं म्हणतात, ते इथेही लागू आहे. घेणारा कोण, तो काय नेतो आणि मला वाटेल तेव्हा हात आखडता घेता येतो का, एवढं तपासायचं.

घेणाऱ्यांचा इतिहास पंचवीस वर्षांहून जुना आहे. मे १९९९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 'सेटी ॲट होम' सुरू केलं. पोर्तो रिकोतल्या आरेसिबो दुर्बिणीने टिपलेले रेडिओ संकेत लहान तुकड्यांत लोकांच्या घरी यायचे आणि रिकामा कॉम्प्युटर त्यांत परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांची काही खूण मिळते का ते शोधायचा. पन्नास लाखांहून जास्त लोकांनी त्यात भाग घेतला. मार्च २०२० मध्ये नवीन काम वाटणं थांबलं, पण त्यातून लोकांच्या कॉम्प्युटरांना असं काम वाटणारी 'बॉइंक' नावाची, कुणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली निर्माण झाली आणि तिच्यावर आज कितीतरी प्रकल्प चालतात. त्यातल्याच 'आइनस्टाइन ॲट होम'मध्ये २०१० साली एक नवा पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्यांनी रेडिओ संकेत पाठवणारा मृत तारा, सापडला. तो अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका माणसाच्या कॉम्प्युटरांवर सापडला होता. घरातली साधी मशीनं, तुमच्यासारखीच.

'फोल्डिंग ॲट होम' ऑक्टोबर २००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालं. आता त्याचं काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून चालतं. आपल्या शरीरातली प्रथिनं साखळीसारखी तयार होतात आणि मग ठराविक आकारात घडी घालतात. घडी चुकली की काही प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड बीटा हे त्यातलंच, आणि या प्रकल्पाने अगदी सुरुवातीपासून त्याचा अभ्यास केला आहे. रेणूची हालचाल क्षणाच्या अतिसूक्ष्म भागांत मोजत जायची तर गणितं अफाट लागतात, म्हणून ती वाटून द्यायची. २०२० च्या वसंतात कोविडच्या विषाणूवरच्या कामासाठी इतके लोक आले, की सगळ्यांच्या मशीनचा मिळून वेग एक एक्साफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या पुढे गेला. तोवर जगातला एकही महासंगणक तिथे पोचला नव्हता.

भाचा कदाचित विचारेल, की आता कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांचे आकार सांगता येतात, त्यालाच २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, मग याचं काय काम उरलं? ते तंत्र मुख्यतः घडी झाल्यानंतरचा आकार सांगतं. घडी पडताना रेणू कसा हलतो, कुठे चुकतो, औषधाला शिरायला फट कुठे पडते, हे पाहायला अशी गणितं अजून लागतात. त्याच नोबेलचे एक मानकरी डेव्हिड बेकर, आणि 'रोझेटा ॲट होम' हा लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांवर चाललेला प्रकल्प त्यांच्याच प्रयोगशाळेचा.

हा प्रोग्रॅम तुमच्याकडून नेतो ते गणिताचं उत्तर. त्याबरोबर तुमच्या प्रोसेसरची आणि प्रणालीची माहिती जाते आणि इंटरनेटवरच्या कुठल्याही व्यवहारासारखा तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा क्रमांक, त्यांना दिसतो. तुमच्या फाइली वाचण्याशी त्याचा संबंध नाही. नाव म्हणून काहीही टाकता येतं, तुमच्या यजमानांचंही. फक्त ते नाव यादीत सगळ्यांना दिसतं, म्हणून आडनाव, गाव घालू नका. धोका उरतो तो नकली प्रतीचा. यूट्यूबखालच्या लिंकवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून कधीही उतरवू नका. फोल्डिंग ॲट होम डॉट ऑर्ग आणि बॉइंक डॉट बर्कली डॉट ईडीयू हे पत्ते स्वतः टाइप करा.

चांगला प्रोग्रॅमही परवानगीशिवाय आला तर ती घरफोडीच, हेही या क्षेत्रात घडून गेलंय. २००० साली 'बायमर' नावाचा एक किडा, म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरस, विंडोजच्या उघड्या फोल्डरांतून पसरला आणि लोकांच्या नकळत त्यांच्या मशीनवर अशाच एका गणिताच्या प्रकल्पाचा अगदी खरा प्रोग्रॅम बसवत गेला, कारण केलेल्या कामाचे गुण मिळतात आणि कुणाला तरी ते आपल्या नावावर जास्त जमवायचे होते. उलट बाजूही आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या संगणक कर्मचाऱ्याने कॉलेजच्या मशीनवर न विचारता असा प्रोग्रॅम टाकला, तर त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला. हे वाचणाऱ्या नोकरदारांना म्हणून सांगते: ऑफिसचा किंवा शाळेचा कॉम्प्युटर दान करायला तुमचा नाही. लेखी परवानगी नसेल तर हातही लावू नका.

भाच्याने पाठवलेल्या दुसऱ्या ॲपबद्दल माझं उत्तर स्पष्ट 'नको' असं आहे. 'न वापरलेलं इंटरनेट शेअर करा' याचा अर्थ असा, की कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या घरच्या कनेक्शनमधून इंटरनेटवर फिरणार आणि जगाला वाटणार ते तुम्हीच आहात. मे २०२४ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी '९११ एस५' नावाचं जाळं मोडलं. फुकट व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपला पत्ता झाकणारं ॲप, म्हणून लोकांनी घेतलेल्या ॲपमधून ते पसरलं होतं, त्यात १.९ कोटींहून जास्त आयपी पत्ते होते आणि ते भाड्याने घेऊन लोकांनी फसवणुकीपासून धमक्यांपर्यंत सगळं केलं. सगळीच अशी ॲप गुन्हेगारांची असतात असं नाही. पण तुमच्या पत्त्यावरून काय झालं हे तुम्हाला कधीच दिसत नाही, आणि पोलीस आले तर ते त्या पत्त्यावरच येणार. फोल्डिंगमध्ये गणित तुमच्या घरात होतं आणि उत्तर बाहेर जातं. इथे परक्याची वर्दळ तुमच्या दारातून होते. दोन्ही लिंका एकाच मेसेजमध्ये आल्या म्हणून मुलाने दोन्हींना एकच म्हटलं, हे मी समजू शकते.

तुमचंही एक वाक्य मला खटकलं: 'तसाही रात्रभर चालूच असतो.' का असतो? रिकामा कॉम्प्युटर फुकट नसतो. समजा नुसता चालू असताना तो ४० वॉट खातो आणि पूर्ण कामाला लावल्यावर ११५. रात्रीचे आठ तास, महिन्याचे तीस दिवस धरले तर वरच्या ७५ वॉटचे १८ युनिट होतात. सगळे ११५ धरले तर साधारण साडेसत्तावीस. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला १८० ते २७५ रुपये. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. तुमचं बिल १०० किंवा ३०० युनिटच्या काठावर असेल तर हे युनिट महागड्या टप्प्यात जाऊन बसतील. जुनं बिल काढून एकदा बघा. परवडत नसेल तर रात्री कॉम्प्युटर बंद करा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

परवडत असेल आणि मशीन साफ झालं असेल, तर करा, असं मी मनापासून म्हणेन. सुरुवातीला प्रोसेसरचे सगळे भाग देऊ नका, निम्मे द्या. 'फक्त रिकामा असताना' हा पर्याय चालू ठेवा. फोल्डिंगच्या कामाच्या तुकड्याला मुदत असते. मुदतीत उत्तर गेलं नाही तर तो तुकडा दुसऱ्याला दिला जातो. तुमचं मशीन रोज दोनच तास चालणार असेल तर बॉइंकवर लांब मुदतीचं काम देणारा प्रकल्प निवडणं बरं. तिथे प्रोसेसरचा किती टक्के भाग द्यायचा, कोणत्या वेळेत काम करायचं, हे सगळं ठरवता येतं. लॅपटॉपवाल्यांनी 'बॅटरीवर असताना थांब' ही खूण तपासावी. डेस्कटॉपला ही सोय नाही. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला तरी त्याला ते कळत नाही आणि तो बॅटरी ओढत राहतो. ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते त्यांनी आपण जागे असतानाच हे चालवावं. एप्रिल-मेमध्ये काम बंद ठेवा. आणि सुरू करण्याआधी पंखा आणि हीट सिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची जाळी, झाडून घ्या.

तुमच्या मशीनमधून औषध निघेल अशी आशा धरू नका. हे पायाचं संशोधन आहे, उत्तरं वर्षांनी येतात आणि त्यात तुमचा वाटा ओळखूही येणार नाही. त्याची बोच वाटेल असं जाणवलं तर तेवढेच पैसे अशा रुग्णांच्या जवळच्या एखाद्या डे-केअरला द्या. आणखी एक सुचवते. अल्झायमरच्या रुग्णाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी साध्या मराठीत लिहिलेलं फार थोडं आहे: आंघोळीला नाही म्हणाला तर काय करायचं, रात्री दार उघडून निघाला तर काय, आपली झोप कशी राखायची. तुम्ही हे वर्षानुवर्षं केलंय आणि तुमच्या हाताला टायपिंग आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र असलेली माणसं मला फारशी माहीत नाहीत.

मुलाशी वाद घालू नका, त्याला कामाला लावा. एक्सक्लूजन्सची यादी, एक्स्टेंशन्स, ऑफलाइन स्कॅन, सगळं व्हिडिओ कॉलवर त्याच्यासमोर करा. पुण्यातून त्यालाच हाताळायचं असेल आणि त्यासाठी ॲनीडेस्कसारखं काही टाकावं लागलं, तर काम संपल्यावर ते लगेच अनइन्स्टॉल करा. रोजच्या टायपिंगसाठी एक साधं, ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं, म्हणजे मशीनमध्ये मोठे बदल करायचा अधिकार नसलेलं खातं त्याच्याकडून उघडून घ्या. काही आठवडे पंखा रात्री शांत राहिला आणि यादीत नवं काही उगवलं नाही, तर फोल्डिंगचा प्रोग्रॅमही त्यालाच टाकायला सांगा.